सुहार्तो गेले, सालिम राहिले: इंडोनेशियातल्या एका उद्योगघराण्याची चर्चा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घराण्यांच्या हातातल्या उद्योगांवर इथे पुष्कळ बोललं जातं, पण गाडी टाटा-बिर्ला-अंबानींच्या पुढे सरकत नाही. आग्नेय आशियात हे प्रकरण आपल्यापेक्षा खोल गेलेलं आहे. त्यातलं मला सर्वांत विचार करायला लावणारं घराणं म्हणजे इंडोनेशियाचे सालिम.

माझा प्रश्न एकच आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो २१ मे १९९८ ला पायउतार झाले. त्याच्या आठवडाभर आधी जमावाने सालिम यांचं जकार्तातलं घर लुटून जाळलं होतं. सुहार्तो गेल्यावर आठवडाभरात, २८ मे रोजी, त्यांची बँक सरकारने ताब्यात घेतली. ज्याच्या आशीर्वादाने घराणं मोठं झालं तो गेला, घर गेलं, बँक गेली. तरी आज त्या देशात मैदा, नूडल्स, तेल, किराणा यांतलं काहीही घ्या, पैसा बऱ्याचदा याच घराण्याकडे जातो. हे कसं झालं?

थोडी पार्श्वभूमी देतो.

घराण्याचे संस्थापक लिम सिओ लिओंग यांचा जन्म १९१६ चा, चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुचिंगचा. तिशीच्या दशकाच्या अखेरीस ते मध्य जावातल्या कुडुस गावी आले. कुडुस हे लवंग घातलेल्या क्रेटेक सिगारेटींचं गाव. लिम तिथल्या कारखान्यांना लवंग पुरवू लागले. डचांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतर त्यांनी सैन्याला माल पुरवला. सेमारांगच्या दिपोनेगोरो डिव्हिजनमध्ये पन्नाशीच्या दशकात एका अधिकाऱ्याशी त्यांची घसट वाढली. तो अधिकारी म्हणजे सुहार्तो. १९६६ नंतर चिनी वंशाच्या नागरिकांनी इंडोनेशियन नावं घ्यावीत असा सरकारी दबाव आला, तेव्हा लिम यांचे सुदोनो सालिम झाले.

१९६८ मध्ये लवंग आयातीचा परवाना दोनच कंपन्यांना मिळाला. एक लिम यांची, दुसरी सुहार्तोंच्या सावत्र भावाची. पण खरा पाया लवंगेने घातला नाही, तो घातला मैद्याने.

बोगासारी ही पिठाची गिरणी १९७१ मध्ये जकार्ताच्या तांजुंग प्रिओक बंदरात सुरू झाली. इंडोनेशियात गहू पिकत नाही. मग व्यवस्था अशी होती: बुलोग ही सरकारी अन्नधान्य संस्था गहू आयात करणार, तो बोगासारीला देणार, बोगासारी दळणार आणि दळणावळ घेणार. कच्चा माल सरकारचा, डॉलरच्या भावाची चिंता सरकारची, पिठाचं वाटपही सरकारच्या हाती. गिरणीवाल्याला बुडण्याचा मार्गच ठेवलेला नव्हता. शिवाय कंपनीच्या मूळ दस्तऐवजातच नफ्याचा २६ टक्के भाग दोन ‘धर्मादाय’ संस्थांसाठी राखला होता. एक सुहार्तोंच्या पत्नीची, दुसरी सैन्याच्या कोस्त्राद या राखीव दलाची. हे लपूनछपून केलेलं नव्हतं, कागदावर लिहून ठेवलेलं होतं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

मालकीही चौघांची होती. लिम, त्यांचे जुने भागीदार जुहार सुतांतो, सुहार्तोंचे आतेभाऊ सुद्विकात्मोनो आणि सुमात्राच्या आचेहचे इब्राहिम रिस्याद. दोन चिनी वंशाचे, दोन ‘भूमिपुत्र’. मग सिमेंट आलं, बँक आली, मोटारी, रसायनं, साखर, पामतेल. इंडोसिमेंट १९८५ मध्ये अडचणीत आली तेव्हा सरकारनेच ३५ टक्के हिस्सा विकत घेऊन तिला वर काढलं. बँक सेंट्रल एशिया म्हणजे बीसीए. तिच्यात ३० टक्के हिस्सा सुहार्तोंच्या दोन मुलांचा, सिगित आणि तुतुत यांचा होता.

एवढं सगळं एका माणसाच्या खुर्चीला बांधलेलं असताना खुर्ची गेल्यावर हे टिकलं कसं? ज्यांनी तिथे काम केलंय किंवा अभ्यास केलाय त्यांनी जरूर लिहा.

---

आकडेमोड

चांगला विषय, कृष्णाकाठ. टिकलं कसं हे सांगण्याआधी बिल कोणी भरलं ते सांगायला हवं, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो.

१९९७ च्या मध्यात एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत होते. १९९८ मध्ये जानेवारीत आणि पुन्हा जूनमध्ये तो भाव १५,००० च्या पलीकडे गेला. ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढून रुपियात धंदा केला ते सगळे एका वर्षात कोसळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये लिम वारले अशी अफवा उठली आणि तेवढ्यावर बीसीएसमोर रांगा लागल्या. मे ९८ मध्ये तर ठेवीदारांनी बँक रिकामी करायला घेतली. मध्यवर्ती बँकेने तरलतेसाठी पैसा ओतला. इंडोनेशियात अजूनही ‘बीएलबीआय’ हा शब्द काढला की लोक चिडतात, तो हा पैसा.

सरकारने बँक घेतल्यावर कळलं की तिने कर्जाचा मोठा भाग आपल्याच समूहातल्या कंपन्यांना दिला होता. म्हणजे ठेवी लोकांच्या आणि धंदे मालकाचे. सप्टेंबर १९९८ मध्ये तडजोड झाली. सालिम यांचं देणं ठरलं सुमारे ५२.७ लाख कोटी रुपिया, आणि त्यापोटी त्यांनी शंभरावर कंपन्यांमधले आपले हिस्से सरकारच्या हवाली केले. ते विकण्यासाठी होल्डिको नावाची कंपनी काढली.

आता मुख्य मुद्दा. हवाली करताना त्या हिश्श्यांची किंमत देण्याएवढी धरली होती. विकून हाती आले साधारण २० लाख कोटी. कंपन्या दिल्या म्हणजे देणं फिटलं, असंच कराराचं म्हणणं होतं, त्यामुळे फरक सरकारच्या अंगावर पडला. बँका सावरायला काढलेल्या रोख्यांचं व्याज पुढे कित्येक वर्षं अर्थसंकल्पातून, म्हणजे करदात्याच्या खिशातून गेलं. २००२ मध्ये मेगावती राष्ट्राध्यक्ष असताना ‘सहकार्य करणाऱ्या’ कर्जदारांना कायदेशीर मुक्तता देण्याचा आदेश निघाला.

तेव्हा ‘टिकले’ म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं की तोटा सार्वजनिक झाला.

---

बांडुंगवासी

मी इचलकरंजीचा, कापडधंद्यातला. नव्वदच्या दशकात बांडुंगजवळच्या एका स्पिनिंग मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज म्हणून आलो तो इथलाच झालो. आमच्यासारखे खूप जण होते. पुरवाकार्ता, बांडुंग, सोलो, कुठल्याही गिरणीत गेलात तर एक तरी कोल्हापूर-सोलापूर-नागपूरचा टेक्स्टाइलवाला भेटायचाच.

९८ सालचं सांगतो. मे महिन्यात बऱ्याच भारतीय कुटुंबांनी बायका-पोरांना सिंगापूर नाहीतर थेट मुंबईला धाडलं. आम्ही पुरुष मंडळी कॉलनीत राहिलो. बाजारात तेल मिळेना, साखर मिळेना, पण टपरीवर इंडोमी, म्हणजे पाकिटातल्या झटपट नूडल्स, मिळायची. महाग झालेली, पण मिळायची. हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळे तीच खात होते. माझ्या खात्यातल्या एका पोरीने तेव्हा मला म्हटलेलं आठवतं, भात परवडत नाही म्हणून आई एक पाकीट चौघांत करते, वर जास्त पाणी घालून. माझ्या मते कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे बघा. सिमेंट, मोटारी, बंगल्यांच्या वसाहती मंदीत कोण घेणार? नूडल्स मात्र मंदीत जास्तच खपतात.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. इंडोमी मुळात सालिम यांची नाही. १९७२ मध्ये ती बाजारात आणली दुसऱ्याच उद्योजकाने, जयादी जया यांच्या गटाने. सालिम यांनी १९८२ मध्ये सारिमी काढली. मग १९८४ च्या सुमारास दोघांची भागीदारी झाली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मूळ मालक बाहेर. ते कोर्टात गेले, हरले. पीठ ज्याच्या हातात, त्याच्याशी नूडल्सवाला किती दिवस भांडणार?

---

वाटाड्या

म्हणजे शेवटी चिनी व्यापाऱ्यांनी देश खाल्ला असंच म्हणायचं ना? आग्नेय आशियात सगळीकडे हेच दिसतं.

---

रेवदंडा_मेघना

वाटाड्या, नाही, असं म्हणायचं नाही. अगदी याच वाक्यावर त्या देशात माणसं मारली गेली.

मे १९९८ मध्ये जकार्तात हजारावर माणसं मेली. त्यात लुटालूट चाललेल्या मॉलमध्ये आगीत अडकलेले गरीब जावानीजही पुष्कळ होते. चिनी वंशाच्या बायकांवर बलात्कार झाले. सरकारनेच नेमलेल्या संयुक्त सत्यशोधन पथकाने ते नोंदवले आहेत. राग होता सुहार्तो-सालिम यांच्या साट्यालोट्यावर आणि मार खाल्ला ग्लोडोक या जकार्तातल्या चिनी वस्तीच्या दुकानदाराने. लिम स्वतः त्या दिवशी देशात नव्हते. त्यानंतर ते सिंगापूरला राहिले आणि २०१२ मध्ये तिथेच वारले. ग्लोडोकच्या घड्याळवाल्याला सिंगापूर कुठलं परवडायला?

सुहार्तोंना चिनी वंशाचाच भांडवलदार सोयीचा होता, यामागचं कारणही पाहा. ज्या समाजाला त्या राजवटीत चिनी शाळा चालवता येत नव्हत्या, चिनी नववर्ष उघडपणे साजरं करता येत नव्हतं, त्यातला माणूस कितीही श्रीमंत झाला तरी राजकारणात आव्हान देऊ शकत नाही. पैसा त्याच्याकडे, संरक्षण सैन्याकडे. या व्यवस्थेत सालिम भागीदार होते, मान्य. बाकीच्या समाजाला तिच्यात भागीदारी नव्हती, फक्त धोका होता.

---

बांडुंगवासी

मेघनाताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्या मिलचे सुटे भाग पुरवणारे एक वृद्ध चिनी गृहस्थ होते. त्यांनी दुकानाच्या शटरवर रंगाने ‘मिलिक प्रिबुमी’ लिहून घेतलं होतं, म्हणजे मालक भूमिपुत्र आहे असं. त्या आठवड्यात रस्त्यावर अशी कितीतरी शटरं दिसायची. पन्नास वर्षं त्याच गल्लीत धंदा केलेला माणूस.

---

पेणकरीण

या समूहाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते नंदीग्रामच्या बातम्यांत. कुणी अजून उल्लेख केला नाही म्हणून लिहिते.

२००६ मध्ये बंगालच्या डाव्या सरकारने नंदीग्राममध्ये केमिकल हब उभारण्यासाठी याच सालिम समूहाशी करार केला होता. जमीन जाणार या बातमीने गावं पेटली, लोकांनी रस्ते खणले. १४ मार्च २००७ ला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १४ गावकरी मेले. नंतर प्रकल्प हलवायचं ठरलं आणि शेवटी बारगळलाच.

मला तेव्हाही एक गोष्ट कळली नव्हती, आजही कळत नाही. सुहार्तो सत्तेवर आले तेच १९६५-६६ मध्ये कम्युनिस्टांच्या कत्तलीतून. लाखो माणसं मारली गेली. त्या राजवटीचा सर्वांत मोठा भांडवलदार, आणि त्याला जमीन देण्यासाठी कम्युनिस्ट सरकार आपल्याच शेतकऱ्यांवर पोलीस घालतं?

त्याच काळात आमच्याकडे पेण-उरण-पनवेलला महामुंबई सेझ येऊ घातला होता. आमच्या घरी रोज नंदीग्रामची चर्चा व्हायची. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने जनमत घेतलं. माझे सासरे ऐंशीच्या घरात होते, तरी रांगेत उभे राहिले. एन. डी. पाटील सरांच्या सभेला आम्ही टेम्पोने गेलो होतो. आमचं भाताचं शेत राहिलं. नंदीग्रामच्या बायांनी आधी किंमत मोजली म्हणून आमच्या सरकारला विचारावंसं वाटलं, असं मी आजही मानते.

---

कृष्णाकाठ

पेणकरीण ताई, हा धागा मला सुचलाच नव्हता, मनापासून आभार.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. बांडुंगवासींनी अर्धं उत्तर दिलं. उरलेल्या अर्ध्यात मला दोन गोष्टी दिसतात.

एक म्हणजे देशाबाहेरचं घर. १९८१ मध्ये सालिम आणि भागीदारांनी हाँगकाँगमध्ये फर्स्ट पॅसिफिक काढली. चालवायला दिली मॅन्युएल पांगिलिनान या फिलिपिनो व्यवस्थापकाकडे. १९९८ च्या सुरुवातीलाच या कंपनीने हागेमेयर ही डच कंपनी विकून डॉलर हातात घेतले. आशियातले सगळे रोखीसाठी तडफडत असताना यांच्याकडे रोकड! त्यातून त्याच वर्षाच्या अखेरीस फिलिपिन्सची पीएलडीटी ही दूरध्वनी कंपनी ताब्यात आली. आणि १९९९ मध्ये फर्स्ट पॅसिफिकने इंडोफूड या सालिम यांच्या नूडल्स-मैद्याच्या कंपनीचा ४० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सालिम यांच्या एका खिशातली वस्तू त्यांच्याच दुसऱ्या, परदेशी खिशात गेली. देणं फेडायला पैसे मिळाले आणि नूडल्स-मैद्यावरचा ताबाही सुटला नाही. बोगासारी तोवर इंडोफूडच्या पोटात गेलेली होती.

दुसरी गोष्ट वारसाची. तिसरे चिरंजीव अँथनी सालिम यांनी त्या काळात सरकारशी भांडण घेतलं नाही. बँक सोडली, सिमेंट सोडलं, मोटारी सोडल्या. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं याची त्यांना स्पष्ट कल्पना होती. गिरणी धरून ठेवली. नाणेनिधीच्या अटींमुळे बुलोगची गव्हाची मक्तेदारी १९९८ मध्ये संपली, स्पर्धक आले. पण तोवर सत्तावीस वर्षांत बंदरालगत धक्का, सायलो, वाटपाचं जाळं सगळं उभं झालं होतं. मक्तेदारी कागदावरून गेली, जमिनीवर राहिली. आजही पिठाच्या बाजारातला सर्वांत मोठा वाटा बोगासारीचाच आहे.

म्हणून माझं मत असं झालं आहे की सुहार्तोंनी सालिमना दिलेली खरी देणगी परवाना ही नव्हतीच. स्पर्धेशिवाय मिळालेली ती सत्तावीस वर्षं ही खरी देणगी होती, आणि ती कुठल्याही सरकारला परत घेता येत नाही.

---

आकडेमोड

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. पण अँथनी यांच्या हुशारीला एवढं श्रेय देताना विल्यम सूर्यजया यांना विसरू नका. ॲस्ट्रा या मोटारींच्या बलाढ्य समूहाचे ते संस्थापक. थोरल्या मुलाची सुम्मा बँक १९९२ मध्ये बुडाली. ठेवीदारांचे पैसे देण्यासाठी या वडिलांनी ॲस्ट्रातले घराण्याचे शेअर विकले आणि स्वतः उभी केलेली कंपनी कायमची गमावली. सहा वर्षांनी ज्यांच्या बँका बुडाल्या त्यांना तडजोडी आणि मुक्ततेची पत्रं मिळाली.

एकाने ठेवीदारासाठी साम्राज्य सोडलं, दुसऱ्याचं साम्राज्य ठेवीदाराच्या सरकारने सावरलं. व्यवस्थापनाच्या वर्गांत सालिम यांचं उदाहरण शिकवतात. मी सूर्यजया यांचं शिकवलं असतं.

---

रेवदंडा_मेघना

आकडेमोड दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

बीसीएचं पुढे काय झालं तेही इथे नोंदवते. २००२ मध्ये सरकारने तिचा ५१ टक्के हिस्सा सुमारे ५३ कोटी डॉलरला विकला. घेणाऱ्या गटात अमेरिकेचा फॅरलॉन फंड होता आणि हार्तोनो घराणं होतं. नंतर ताबा हार्तोनोंकडेच आला. हे हार्तोनो म्हणजे जारुम क्रेटेकवाले, गाव कुडुस! ज्या गावच्या कारखान्यांना लवंग विकून लिम उभे राहिले, त्याच गावच्या सिगारेटवाल्यांकडे त्यांची बँक गेली. आज ती इंडोनेशियातली सर्वांत मौल्यवान खाजगी बँक आहे. सरकारने तेव्हा घाई केली, स्वस्तात दिली, हा वाद तिथे अजून चालू आहे.

---

निशिगंध७

मी वाचनमात्र असते, पण पामतेलाबद्दल विचारायचं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा आमच्या फरसाणच्या धंद्यात डब्याचे भाव रोज बदलत होते. त्यात हेच घराणं आहे का?

---

बांडुंगवासी

निशिगंध ताई, निर्यातबंदी सरकारची होती, २८ एप्रिल ते २३ मे २०२२. देशातच खाद्यतेल मिळेनासं झालं होतं म्हणून. त्या धंद्यात मोठी नावं बरीच आहेत, सालिम त्यांतले एक. बिमोली हा इथला घरोघरचा तेलाचा ब्रँड त्यांचा. २००७ मध्ये त्यांनी लंडन सुमात्रा ही मूळची ब्रिटिश, जुन्या मळ्यांची कंपनी घेतली.

मळ्यांवरच्या मजुरांचं मात्र लिहायलाच हवं. उत्तर सुमात्रात लंडन सुमात्राच्या मळ्यांवर कामगार हक्कांचा भंग होतो अशा तक्रारी झाल्या. बायका वर्षानुवर्षं रोजंदारीवर, कायम नाहीत. पामतेलाच्या प्रमाणीकरणाची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आरएसपीओ, तिने चौकशी करून २०१८ च्या अखेरीस दोष दाखवला, सुधारणा करा म्हणून सांगितलं. समूहाने काय केलं? २०१९ च्या सुरुवातीला त्या संस्थेतूनच बाहेर पडले. नेस्ले आणि पेप्सिको या दोघांनीही पुढेमागे इंडोफूडबरोबरची भागीदारी संपवली. मला या समूहाबद्दल इतर कशाहीपेक्षा या गोष्टीचा राग आहे. मोठ्या सरकारशी जमवून घेता येतं, आणि फवारणी करणाऱ्या बाईला कायम करता येत नाही?

---

लागोसचा_लक्ष्या

नायजेरियातून. इथे इंडोमी म्हणजेच नूडल्स. शाळेच्या डब्यात, रात्री टपरीवर अंडं घालून, सगळीकडे. १९८८ पासून हा माल इथे आणला तो तोलाराम समूहाने. हे मूळचे सिंधी, त्यांची सुरुवात १९४८ मध्ये जावातल्या मलांगच्या कापड दुकानातून झालेली. सालिम यांच्याबरोबर भागीदारीत नव्वदच्या दशकात इथे कारखाना टाकला. इथल्या पोरांना ती इंडोनेशियाची आहे हे खरंच वाटत नाही.

---

पेणकरीण

पुढची पिढी कोण आहे? आणि बीएलबीआयचे उरलेले पैसे कधी कुणी मागितले का?

---

आकडेमोड

ताई, अँथनी यांचे चिरंजीव ॲक्स्टन सालिम इंडोफूडच्या संचालक मंडळावर आहेत, म्हणजे तिसरी पिढी आत आली.

पैशांचं: २०२१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांच्या सरकारने वसुलीसाठी कार्यदल नेमलं. आकडा होता सुमारे ११० लाख कोटी रुपिया, बावीसेक वर्षांनंतर. यादीत सुहार्तोंच्या धाकट्या मुलाच्या, टॉमीच्या मोटार कंपनीचंही नाव होतं. तिच्या नावावरची कारावांगमधली जमीन त्याच वर्षी जप्त झाली. लिलाव पुकारला, पण गिऱ्हाईक आलं नाही.

सूर्यजया आणि ॲस्ट्रावर वेगळा धागा काढतो, तिथे सविस्तर लिहीन.